केल्ट, सेचम, फेनाकाइट: एका खाजगी नौकेची दोन महायुद्धे

६ एप्रिल १९१७ रोजी अमेरिकेने जर्मनीविरुद्ध युद्ध पुकारले, तेव्हा तिच्या आरमाराकडे भल्यामोठ्या युद्धनौका होत्या. नव्हती ती लहान, चपळ, किनाऱ्यालगत दिवसरात्र घिरट्या घालू शकणारी जहाजे. आणि त्या घडीला नेमकी त्यांचीच निकड होती, कारण शत्रू समोरासमोर येणार नव्हता. जर्मनीने फेब्रुवारीपासून आपल्या पाणबुड्यांना मोकळे रान दिले होते. व्यापारी जहाज दिसले की इशारा न देता बुडवायचे, असा हुकूम होता. त्या एका एप्रिल महिन्यात आठ लाख टनांहून अधिक व्यापारी जहाजे तळाला गेली. ब्रिटन उपाशी पडणार, ही भीती लंडनमध्ये उघडपणे बोलली जाऊ लागली होती.

नवी गस्तीजहाजे बांधून समुद्रात उतरवायला वेळ लागतो आणि वेळच हाताशी नव्हता. मग तयार जहाजे शोधायला आरमाराचे अधिकारी धनवंतांच्या दारी गेले. न्यू यॉर्क, बोस्टन, फिलाडेल्फिया इथल्या बँकमालकांकडे, रेल्वेवाल्यांकडे आणि गिरणीमालकांकडे वाफेवर चालणाऱ्या खाजगी नौका होत्या. या नौकांना यॉट म्हणत. वर लाकडी नक्षीकाम, आत गालिचे, पियानो, भोजनाचे दालन असा त्यांचा थाट असे. पण हा थाट बाजूला सारला, तर खाली जे उरते ते अरुंद, लांब, वेगवान पोलादी जहाज असते. आरमाराला तेवढेच हवे होते.

अशाच एका नौकेची ही हकीकत आहे. ती १९०२ मध्ये डेलावेअर राज्यातल्या विल्मिंग्टन शहरात, ‘पुसी अँड जोन्स’ या कारखान्यात बांधली गेली. जे. रॉजर्स मॅक्सवेल हे न्यू जर्सीच्या सेंट्रल रेलरोडचे बडे प्रस्थ. त्यांनी ती बांधवून घेतली आणि नाव ठेवले ‘केल्ट’. लांबी १८६ फूट, रुंदी जेमतेम साडेबावीस फूट. म्हणजे रुंदीच्या आठपटींहून जास्त लांबी. मालवाहू जहाज असे कोणी बांधत नाही, कारण त्यात माल मावत नाही. पण पाणी कापत पळायचे असेल, तर हाच बांधा लागतो. ताशी पंधरा सागरी मैल वेगाने ती धावू शकत असे.

त्या काळच्या वाफनौकांचे इंजिन समजून घेण्यासारखे आहे. बॉयलरमधली वाफ एका सिलिंडरात ढकलून दट्ट्या हलवायचा आणि मग ती सोडून द्यायची, ही जुनी, उधळी पद्धत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तीच वाफ एकामागून एक तीन सिलिंडरांतून नेण्याची रीत रूढ झाली. पहिले सिलिंडर लहान आणि जास्त दाबाचे, दुसरे मध्यम, तिसरे मोठे आणि कमी दाबाचे. एकाच वाफेकडून तीनदा काम करून घेतल्यामुळे कोळसा वाचला आणि लहान जहाजालाही लांबचा पल्ला गाठता येऊ लागला. हौशी श्रीमंतांनी हे तंत्र आपल्या सुखासाठी विकत घेतले होते. गस्तीच्या कामाला ते आयते उपयोगी पडले.

खाजगी यॉट युद्धात उतरवण्याचा अनुभव अमेरिकेला पहिल्यांदाच येत नव्हता. १८९८ च्या स्पेनविरुद्धच्या युद्धात प्रसिद्ध बँकमालक जे. पी. मॉर्गन यांची ‘कोर्सेअर’ आरमाराने विकत घेतली, तिच्यावर लहान तोफा बसवल्या आणि तिला ‘ग्लॉस्टर’ हे नाव दिले. तिचे कप्तान होते रिचर्ड वेनराइट. हवानाच्या बंदरात त्याच वर्षी फेब्रुवारीत स्फोट होऊन बुडालेल्या ‘मेन’ या युद्धनौकेवरचे ते दुसऱ्या क्रमांकाचे अधिकारी. ३ जुलै १८९८ रोजी क्यूबातल्या सांतियागो बंदरातून स्पॅनिश आरमार बाहेर पडले, तेव्हा वेनराइट यांनी ही चिलखत नसलेली नौका दोन स्पॅनिश विनाशिकांच्या अंगावर घातली. मोठ्या युद्धनौकांचे गोळेही त्या विनाशिकांवर पडत होते. दोन्ही विनाशिका संपल्या. मग याच ‘ग्लॉस्टर’ने जळत्या स्पॅनिश जहाजांवरची माणसे पाण्यातून वर काढली. त्यांत खुद्द स्पॅनिश दर्यासारंग सर्व्हेरा होते. मॉर्गन यांनी आपली नौका गेल्यावर ३०४ फुटांची आणखी मोठी ‘कोर्सेअर’ बांधून घेतली. १९१७ मध्ये आरमाराने तीही नेली.

युद्धासाठी खाजगी पैशाने जहाज पुरवण्याची अशीच एक गोष्ट आपल्या मुंबईशी जोडलेली आहे. १९१४ च्या अखेरीस ग्वाल्हेरच्या माधवराव शिंदे यांनी ‘एम्प्रेस ऑफ इंडिया’ हे कॅनेडियन कंपनीचे प्रवासी जहाज विकत घेतले आणि भारतीय सैनिकांसाठी त्याचे रुग्णालय-जहाज केले. त्याला नाव दिले ‘लॉयल्टी’. युद्ध संपल्यावर तेच जहाज वालचंद हिराचंद आणि नरोत्तम मोरारजी यांच्या कंपनीने घेतले. तिचे नाव सिंधिया स्टीम नॅव्हिगेशन. ५ एप्रिल १९१९ रोजी ‘लॉयल्टी’ मुंबईहून लंडनकडे निघाले, आणि त्या दिवसाची आठवण म्हणून आपण ५ एप्रिल हा राष्ट्रीय सागरी दिन पाळतो. ते यॉट नव्हते, मोठे प्रवासी जहाज होते. पण एकाच जहाजाला मालक, नाव आणि काम बदलत किती आयुष्ये लाभतात, हे त्यावरून ध्यानात येते.

‘केल्ट’चेही तसेच झाले. मॅक्सवेल यांच्यानंतर ती मॅन्टन मेटकाफ यांच्याकडे गेली आणि तिचे नाव ‘सेचम’ झाले. जुलै १९१७ मध्ये आरमाराने ती ताब्यात घेतली आणि १९ ऑगस्टला तिच्यावर युद्धध्वज चढला. तिला क्रमांक मिळाला एसपी-१९२. ‘एसपी’ म्हणजे सेक्शन पॅट्रोल, अर्थात किनाऱ्याच्या एकेका पट्ट्याची गस्त. या यादीत बड्या यॉट होत्या, ओढबोटी होत्या, मासेमारीच्या नौका होत्या आणि चार माणसांच्या मोटरबोटीही होत्या. क्रमांक हजारांत गेले. काही मालकांनी आपल्या नौका विकल्या, काहींनी वर्षाला एक डॉलर अशा नाममात्र भाड्याने दिल्या.

यॉटची गस्तीनौका करताना शोभेचे सामान उतरवायचे, सगळीकडे करडा रंग फासायचा आणि पांढऱ्या गणवेशातल्या खानसाम्यांच्या जागी राखीव दलातले खलाशी भरायचे, एवढे तर कोणालाही सुचेल. अवघड काम वेगळे होते. तोफ डागली की तिचा धक्का खाली जातो. सागवानी फळ्यांचा डेक तो पेलत नाही. म्हणून डेकखाली आधाराचे पोलादी खांब द्यावे लागत. दारूगोळा ठेवायला कोरडी, आगीपासून दूर अशी खोली काढावी लागे. वर वजन वाढले की अरुंद नौका जास्त हेलकावे खाते, म्हणून तळाशी भार भरावा लागे. इतके करूनही ही जहाजे अटलांटिकच्या हिवाळ्यासाठी नव्हतीच. त्यांचा जन्म उन्हाळी सहलींसाठी झाला होता.

तरीही त्यांतली काही फ्रान्सच्या किनाऱ्यावर पाठवली गेली. ब्रेस्ट बंदरातून मालजहाजांच्या ताफ्यांना सोबत करणे हे त्यांचे काम. खलाशांनी त्या यॉटींच्या पथकाचे नाव ‘आत्मघाती आरमार’ असे पाडले होते. ५ नोव्हेंबर १९१७ च्या पहाटे फिलाडेल्फियाच्या ड्रेक्सेल घराण्यातली ‘अल्सीडो’ ही यॉट जर्मन पाणबुडीच्या पाणतीराने फुटली आणि काही मिनिटांतच बुडाली. एकवीस माणसे गेली. त्या युद्धात गमावलेले अमेरिकेचे ते पहिले गस्तीजहाज. श्रीमंतांच्या नौका म्हणून यॉटींकडे पाहताना हे विसरता कामा नये. त्यांच्यावर मेलेली माणसे त्यांच्या मालकांपैकी नव्हती.

‘सेचम’ला फ्रान्सला जावे लागले नाही. तिच्या वाट्याला वेगळेच काम आले, आणि माझ्या मते ते तोफा डागण्यापेक्षा मोलाचे होते. न्यू यॉर्क बंदराच्या भागात असताना ती टॉमस अल्वा एडिसन यांच्या हवाली करण्यात आली.

एडिसन तेव्हा सत्तर वर्षांचे होते. १९१५ मध्ये आरमारमंत्री जोसेफस डॅनियल्स यांनी नव्या शोधांची छाननी करण्यासाठी नौदल सल्लागार मंडळ नेमले, त्याचे प्रमुखपद एडिसन यांच्याकडे होते. पण बैठका घेत बसणारा हा माणूस नव्हता. त्यांना समुद्रावर जाऊन प्रयोग करायचे होते. १९१७ च्या उन्हाळ्याअखेरीस आणि शरद ऋतूत लाँग आयलंडच्या खाडीत त्यांनी ‘सेचम’वरच मुक्काम ठोकला. पत्नी मीनादेखील त्यांच्याबरोबर नौकेवर राहिल्या. ज्या दालनांत कधी रेल्वेमालकांच्या मेजवान्या झडल्या, तिथे आता तारा, बॅटऱ्या आणि ध्वनियंत्रे पसरली होती.

प्रश्न असा होता की पाण्याखालची पाणबुडी दिसत नाही, मग ती ओळखायची कशी? दिसत नसली, तरी तिचा पंखा पाणी घुसळतो, यंत्रे गुरगुरतात. पाण्यात आवाज हवेपेक्षा चौपटीहून जास्त वेगाने, सेकंदाला सुमारे दीड हजार मीटर धावतो आणि फार दूरवर पोचतो. तेव्हा कान लावायचा. अडचण एकच, पण मोठी. ऐकणाऱ्या जहाजाचे स्वतःचे इंजिनही चालू असते आणि त्या गोंगाटात दूरचा क्षीण आवाज हरवून जातो. म्हणून ब्रिटिश गस्तीनौकांना इंजिन बंद करून, लाटांवर डुलत, कान लावून बसावे लागे. थांबलेले जहाज म्हणजे पाणबुडीसाठी आयते सावज. चालत्या जहाजावरून ऐकता येईल असे यंत्र एडिसन यांना हवे होते. त्यासाठी ऐकण्याचे उपकरण नाळेच्या पुढे, जहाजाच्या स्वतःच्या आवाजापासून होईल तितके लांब धरण्याचा त्यांचा प्रयत्न होता. ‘सेचम’सारखी लांबट नौका त्याला सोयीची होती. आणि हा प्रयत्न करणारा माणूस स्वतः जवळजवळ ठार बहिरा होता! लहानपणापासून कमी होत गेलेल्या त्यांच्या ऐकण्याने फोनोग्राफचा शोधही अडला नव्हता. समुद्राचे ऐकणेही त्यांनी त्याच जिद्दीने हाती घेतले.

नुसते ऐकून भागत नाही. पाणतीर येतोय हे कळल्यावर जड मालजहाजाने करायचे काय? सुकाणू फिरवले तरी हजारो टनांचे जहाज बराच काळ सरळच जात राहते. एडिसन यांनी त्यावर एक साधी युक्ती सुचवली. दोरखंडाला बांधलेले मोठे पाणनांगर, म्हणजे पाण्यात उघडणाऱ्या कापडी झोळ्या, ऐन वेळी बाहेर फेकायच्या. पाण्याचा त्यांना होणारा विरोध जहाजाला झटक्यात थांबवतो आणि वळवतो. याशिवाय जहाजे लपवण्यासाठी धुराचे पडदे, रात्री दिसावे म्हणून सोयी, पाण्याखालचे दिवे असे पुष्कळ काही त्यांनी चाचपून पाहिले. माणसे मारण्याची शस्त्रे आपण बनवणार नाही, संरक्षणाची साधने बनवू, हा त्यांचा आग्रह होता.

त्यानंतर वॉशिंग्टनमध्ये त्यांनी आणखी एक गोष्ट केली. तिची आठवण फारशी निघत नाही, पण मला ती सगळ्यांत दूरदृष्टीची वाटते. आरमाराने त्यांना दिवंगत दर्यासारंग ड्यूई यांची खोली दिली होती. तिथे बसून त्यांनी आजवर बुडालेल्या जहाजांच्या नोंदी नकाशावर मांडल्या. कुठे बुडाले, किती वाजता, कोणत्या मार्गावर. चित्र लख्ख दिसले. जहाजे युद्धाच्या आधीच्याच ठरलेल्या वाटांनी जात होती, दीपगृहांच्या जवळून जात होती आणि बहुतेक दिवसाउजेडी बुडत होती. धोक्याचा टापू रात्री ओलांडा, वाटा बदला, धूर कमी होईल असा कोळसा जाळा, उंच डोलकाठ्या कापून टाका, असे त्यांनी सुचवले. यात कोणतेही यंत्र नव्हते. आकडेवारी नीट वाचण्याचे काम होते. दुसऱ्या महायुद्धात असल्या अभ्यासाची स्वतंत्र शास्त्रशाखा झाली.

आरमाराने यातले फारच थोडे अमलात आणले. आपण युद्धकाळात पंचेचाळीसच्या आसपास शोध लावले आणि अधिकाऱ्यांनी ते सगळे फडताळात कोंबून ठेवले, अशी तक्रार एडिसन पुढे करत. त्यांची तक्रार सर्वस्वी खरी म्हणता येत नाही. काही उपकरणे खरोखर कच्ची होती आणि जनरल इलेक्ट्रिकसारख्या कंपन्यांतले तरुण शास्त्रज्ञ श्रवणयंत्रांत त्यांच्या पुढे निघून गेले होते. पण त्यांच्या एका आग्रहाचे फळ टिकले. आरमाराची स्वतःची संशोधन प्रयोगशाळा हवी, हे त्यांनी १९१५ पासून लावून धरले होते. जागेवरून वाद झाला, एडिसन रुसले, पण १९२३ मध्ये वॉशिंग्टनमध्ये ती प्रयोगशाळा उभी राहिली आणि आजही ती चालू आहे. अमेरिकी ‘सोनार’च्या, म्हणजे आवाजावरून पाण्याखालची वस्तू शोधणाऱ्या यंत्रणेच्या, पायाभरणीचे बरेचसे काम तिथेच झाले. एडिसन यांचे चिरंजीव चार्ल्स हे १९४० मध्ये काही महिने आरमारमंत्री होते, हेही इथे सांगायला हवे.

फेब्रुवारी १९१९ मध्ये ‘सेचम’ मेटकाफ यांना परत मिळाली. पुढे ती फिलाडेल्फियात विकली गेली. पण वाफेच्या यॉटींचा काळ सरत आला होता. कोळसा भरायला, भट्टी धगधगती ठेवायला, यंत्र राखायला पुष्कळ माणसे लागत. डिझेलची नौका थोड्या माणसांत चाले. त्यात १९२९ मध्ये शेअरबाजार कोसळला. ज्यांच्या जिवावर हा शौक चालला होता, त्यांच्यातल्या अनेकांचे दिवाळे निघाले. बऱ्याच यॉट भंगारात गेल्या.

‘सेचम’ वाचली ती मासे पकडणाऱ्यांमुळे. १९३२ मध्ये ब्रुकलिनच्या जेकब मार्टिन यांनी ती घेतली आणि लोकांना थोड्या पैशांत मासेमारीला नेऊ लागले. मंदीच्या त्या वर्षांत न्यू यॉर्कच्या सामान्य माणसाला दिवसभर समुद्राची हवा मिळायची आणि संध्याकाळी घरी न्यायला मासे मिळायचे. कित्येक घरांत तेच त्या दिवशीचे जेवण असे. पूर्वी जिच्या डेकवर मोजके पाहुणे बसत, तिथे आता गळ टाकून खांद्याला खांदा लावून माणसे उभी राहत. जुने वाफेचे इंजिनही पुढे काढले गेले आणि त्याच्या जागी डिझेल आले.

मग पुन्हा तेच संकट उभे राहिले. डिसेंबर १९४१ मध्ये अमेरिका दुसऱ्या महायुद्धात ओढली गेली आणि जानेवारी १९४२ मध्ये जर्मन पाणबुड्या थेट न्यू यॉर्कच्या तोंडाशी आल्या. किनाऱ्यावरच्या शहरांचे दिवे अजून विझलेले नव्हते. त्या उजेडात बाहेरून जाणारी तेलजहाजे काळ्या आकृत्यांसारखी स्पष्ट दिसत, आणि पाणबुड्यांना नेम धरायला तेवढे पुरे होते. पुढच्या सुमारे सात महिन्यांत अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर, मेक्सिकोच्या आखातात आणि कॅरिबियन समुद्रात मिळून सहाशेच्या आसपास जहाजे बुडाली. पंचवीस वर्षांपूर्वीचा धडा आरमार विसरले होते. लहान गस्तीजहाजांची तीच टंचाई होती. ब्रिटनला आपल्या चोवीस सशस्त्र मासेमारी नौका खलाशांसकट अमेरिकेच्या मदतीला पाठवाव्या लागल्या. ज्या ब्रिटनला अमेरिका वाचवायला निघाली होती, त्यानेच तिच्या किनाऱ्याची राखण करावी, यापेक्षा बोलका पुरावा कोणता?

म्हणून फेब्रुवारी १९४२ मध्ये आरमाराने चाळीस वर्षांची ‘सेचम’ पुन्हा घेतली, या वेळी ६५ हजार डॉलरना विकत. किनारी गस्तीच्या यॉटींना तेव्हा रत्नांची आणि खनिजांची नावे देण्याची प्रथा होती. एमराल्ड, सफायर, ओपल, जॅस्पर अशी जहाजे ताफ्यात होती. चांगली नावे आधीच संपली होती की काय कोण जाणे, पण ‘सेचम’च्या वाट्याला ‘फेनाकाइट’ या दुर्मीळ खनिजाचे नाव आले. १ जुलै १९४२ रोजी ती सेवेत दाखल झाली आणि फ्लोरिडाच्या दक्षिणेकडच्या बेटांच्या माळेजवळ गस्त घालू लागली. टेक्सासहून निघालेली तेलजहाजे न्यू यॉर्ककडे तिथल्याच सामुद्रधुनीतून जात, त्यामुळे जागा जोखमीची होती. आता तिच्यावर पाण्याखाली फुटणारे बॉम्बही होते, जे पहिल्या युद्धाच्या सुरुवातीला कोणाकडेच पुरेसे नव्हते.

एखादी पाणबुडी बुडवल्याची नोंद तिच्या नावावर नाही. अशा गस्तीला त्या मापाने मोजूही नये. त्या काळची पाणबुडी विजेच्या बॅटरीवर पाण्याखाली फार थोडा वेळ आणि फार हळू चालू शके. वर एखादे सशस्त्र जहाज फिरतेय, एवढ्यानेच तिला खाली दबून राहावे लागे. ती खाली राहिली की तिचा वेग संपे आणि व्यापारी जहाज निसटे. गस्तीनौकेचे यश हे न घडलेल्या बुडण्यांत असते, आणि न घडलेल्या गोष्टींच्या नोंदी कोणी ठेवत नाही.

पाणबुड्यांचा जोर ओसरल्यावर ‘फेनाकाइट’मध्ये फेरफार करून १९४४ च्या अखेरीस तिला सोनारच्या चाचण्यांसाठी वापरले गेले. एडिसन यांच्या काळी नुसते कान लावून ऐकायचे होते. आता जहाज स्वतःच पाण्यात ध्वनीचा ठोका सोडते आणि समोरच्या वस्तूवर आपटून आलेला प्रतिध्वनी टिपते. ठोका सोडल्यापासून प्रतिध्वनी यायला दोन सेकंद लागले, तर आवाज जाऊन येऊन तीन किलोमीटर धावला, म्हणजे पाणबुडी दीड किलोमीटरवर आहे. इंजिन बंद करून, दम धरून बसलेली पाणबुडीही यातून सुटत नाही. १९१७ मध्ये ज्या डेकवर या विद्येची धडपड चालली होती, त्याच डेकवर सत्तावीस वर्षांनी तिची प्रौढ उपकरणे तपासली गेली. हा योगायोग कोणी ठरवून घडवला नव्हता. लढाईच्या विनाशिका अडकवून न ठेवता प्रयोगासाठी वापरता येईल असे चांगले जहाज हाताशी होते, म्हणून तो घडला. पण एकाच नौकेवर या शोधाची दोन टोके सापडावीत, हे विज्ञानाच्या इतिहासात विरळाच.

१९४५ मध्ये युद्ध संपले, मार्टिन यांना नौका परत मिळाली आणि तिला पुन्हा ‘सेचम’ हे नाव लाभले. लवकरच ती न्यू यॉर्कच्या ‘सर्कल लाइन’ या पर्यटन कंपनीकडे गेली. मॅनहॅटन बेटाला पाण्यावरून पूर्ण प्रदक्षिणा घालणाऱ्या सहली ही कंपनी चालवते. बाकीच्या बहुतेक बोटी युद्धातून निवृत्त झालेल्या, सैन्य उतरवणाऱ्या ओबडधोबड नौका होत्या. त्यांच्यात ही जुनी यॉट उठून दिसे. आधी ‘साइटसीयर’ आणि नंतर ‘सर्कल लाइन पाच’ या नावांनी तिने कितीतरी वर्षे प्रवासी फिरवले. तिच्या कठड्याला टेकून ब्रुकलिनचा पूल आणि स्वातंत्र्यदेवीचा पुतळा पाहणाऱ्यांना आपण एडिसनच्या प्रयोगनौकेवर उभे आहोत, याची कल्पना बहुधा नसावी.

ऐंशीच्या दशकात ती न्यू जर्सीच्या एका धक्क्याशी बेवारशी पडली होती. १९८६ मध्ये सिनसिनाटीच्या एका हौशी गृहस्थाने ती साडेसात हजार डॉलरना घेतली, खटपट करून चालती केली आणि हडसन नदीतून, महासरोवरांतून, मिसिसिपी आणि ओहायो नद्यांतून अमेरिकेच्या अंतर्भागात नेली. वाटेला लागण्याआधी गायिका मॅडोनाच्या ‘पापा डोन्ट प्रीच’ या गाण्याच्या चित्रफितीतही ती झळकली. केंटकी राज्यातल्या पीटर्सबर्ग गावाजवळ ओहायो नदीला मिळणाऱ्या एका लहानशा ओढ्यात ती नांगरली गेली, आणि दुरुस्तीचा बेत पुढे सरकलाच नाही. तेव्हापासून ती तिथेच रुतून आहे. ओढ्याचे पाणी गोडे आहे. खाऱ्या पाण्यात पोलाद जितक्या झपाट्याने गंजते तितके गोड्या पाण्यात गंजत नाही, म्हणून तिचा सांगाडा आजही ओळखता येतो. पण डेक कोसळला आहे, पत्र्यांना भोके पडली आहेत आणि आतून झाडे उगवली आहेत. स्थानिक लोक तिला भुताचे जहाज म्हणतात.

तिला पुन्हा पाण्यावर आणणे आता शक्य नाही, हे मान्य करायला हवे. तो खर्च कोणी करणार नाही आणि करूही नये. पण तिचे मोजमाप घेऊन, छायाचित्रे काढून, नकाशे आखून नीट नोंद ठेवणे हे मोठ्या खर्चाचे काम नाही. ओहायो नदीला वारंवार पूर येतो. ही नोंद पुढच्या पिढीवर ढकलण्यासारखी नाही.

ती ज्या ओढ्यात आहे त्याचे काठ खाजगी मालकीचे आहेत, तेव्हा अमेरिकेत राहणाऱ्या किंवा तिकडे जाणाऱ्या वाचकांनी चित्रे पाहून परवानगीशिवाय तिथे शिरू नये. गंजलेल्या पत्र्यांवर चढणे तर जिवाशी खेळ आहे. अशी नौका धडधाकट अवस्थेत पाहायची असेल, तर सॅन डिएगोच्या सागरी संग्रहालयात जावे. तिथे ‘मेडीया’ ही वाफेची यॉट आहे. ती १९०४ मध्ये स्कॉटलंडमध्ये अवघ्या ५१ दिवसांत बांधली गेली, पहिल्या महायुद्धात फ्रेंच आरमारात आणि दुसऱ्यात ब्रिटिशांकडे राबली. तिचे इंजिन अजून चालते. आणि त्याच संग्रहालयात ‘स्टार ऑफ इंडिया’ हे १८६३ चे शिडाचे लोखंडी जहाज उभे आहे. त्याच्या पहिल्या सफरी कोलकात्याच्या होत्या.